व्हीएनसी टाकलं तर काळा स्क्रीन येतोय, गावाकडचा लिनक्स डेस्कटॉप इथून कसा चालवू?

तुम्ही लिहिलंय की दोन्हीकडे उबंटू २२.०४ आहे, गावी बाबांचा स्क्रीन इथून बघायचाय, माऊसपण चालवायचाय, आणि एक्स११व्हीएनसी (व्हीएनसी पद्धतीने दुसऱ्या मशीनचा स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर नुसता काळा स्क्रीन. मीपण माझ्या बाबांसाठी हेच सगळं केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या काळ्या स्क्रीनचं. २२.०४ बहुतेक मशीनवर वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) चालतं आणि एक्स११व्हीएनसी नावाप्रमाणेच त्याच कामाच्या जुन्या एक्स११ साठीचं आहे, वेलँडचा स्क्रीन त्याला मिळतच नाही. बाबांना सेटिंग्जमध्ये अबाउट उघडायला सांगा, विंडोइंग सिस्टिमसमोर वेलँड लिहिलं असेल तर पासवर्ड, पोर्ट (कनेक्शन ज्या दारातून आत येतं त्याचा नंबर) काही बदलत बसू नका, उपयोग नाही. कोणी टायगरव्हीएनसीचा सर्व्हर टाका म्हणेल, पण तो साधारणपणे वेगळाच नवा डेस्कटॉप उघडतो, बाबांच्या समोर काय दिसतंय ते तुम्हाला दिसणार नाही आणि तुम्हाला तर तेच हवंय.

त्यापेक्षा उबंटूत आहे तेच वापरा. बाबांच्या मशीनवर सेटिंग्जमध्ये शेअरिंग, तिथे रिमोट डेस्कटॉप चालू करायचं आणि खालचं रिमोट कंट्रोलपण, नाहीतर फक्त बघता येतं. तिथलंच युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. हे आरडीपी आहे, म्हणजे दुरून डेस्कटॉप चालवायची व्हीएनसीपेक्षा वेगळी पद्धत, पोर्ट ३३८९. तुमच्याकडे रेमिना (दुसऱ्या मशीनला जोडायचं ॲप) असेलच, त्यात नवीन कनेक्शन करताना आरडीपी निवडा, व्हीएनसी नाही.

एका घरात असता तर एवढ्यावर काम झालं असतं. पण गाव लांब आहे, आणि आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) खूप गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करूनही (बाहेरून आलेलं कनेक्शन घरातल्या मशीनकडे वळवूनही) बाहेरून आत येता येत नाही. आणि येत असेल तरी ३३८९ इंटरनेटवर उघडा टाकू नका, प्लीज, उघडे पोर्ट शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात आणि त्या मशीनवर बाबांचं बँकेचं लॉगिन असणार. दोन्हीकडे टेलस्केल (लांबची मशीन एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, एकाच अकाउंटने लॉगिन करा, प्रत्येक मशीनला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, बाबांच्या मशीनचा तो रेमिनात टाकायचा. आतून वायरगार्ड (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी व्हीपीएन पद्धत) आहे, राउटरला हात लावावा लागत नाही.

आता जिथे माझे दोन रविवार गेले ते. सगळं छान चालू होतं, एकदा गावी लाइट गेली, परत आल्यावर बाबांनी मशीन चालू केलं आणि माझं कनेक्शन लागेचना, युजरनेम पासवर्ड तेच होते तरी. फोनवर विचारलं तर म्हणाले, "काहीतरी कुलूप उघडायला पासवर्ड मागत होतं, मी कॅन्सल केलं." तेच कारण होतं. मी त्यांच्या सोयीसाठी ऑटो लॉगिन लावलेलं, आणि रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड कीरिंगमध्ये (उबंटूची पासवर्ड ठेवायची कुलूपबंद पेटी) असतो, ऑटो लॉगिनला ती कीरिंग बंदच राहते. ऑटो लॉगिन काढलं, बाबा आता स्वतः पासवर्ड टाकतात, प्रश्न मिटला. कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवूनपण चालतं, पण मग आतले सगळे पासवर्ड उघडे पडतात, मला ते पटत नाही.

स्क्रीन लॉक झाला तरी कनेक्शन तुटतं, तेव्हा प्रायव्हसीतला ऑटोमॅटिक लॉक बंद करा किंवा वेळ वाढवा.

आणि बाबांना एक दाखवून ठेवा, तुम्ही आत असताना वर उजव्या कोपऱ्यात केशरी चिन्ह येतं. माझे बाबा ते दिसलं की फोन करतात, "आलास का रे?" म्हणून, आणि मीपण त्यांना न विचारता कधी जोडत नाही.