वाचकांचे प्रश्न : कासव दिसले म्हणजे पाणी चांगले का?

प्रश्न : गंगाखेडजवळ आम्ही काही शिक्षक व माजी विद्यार्थी दर रविवारी सायंकाळी गोदावरीचे पाणी स्वेच्छेने तपासतो. विरघळलेला प्राणवायू बहुधा चांगला येतो. मागच्या खेपेस फाटक्या जाळ्यात मऊ पाठीचे कासव अडकलेले दिसले, तेव्हा काठावरचे भोई म्हणाले, “कासव हाय म्हणजे गंगेचं पाणी चांगलं.” हे खरे का? आणि असे जनावर सापडल्यास आम्ही काय करावे? — एक वाचक, जि. परभणी

उत्तर : भोई मंडळींना नदी आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते, परंतु हा निष्कर्ष टिकत नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू घटला की माशांचा जसा जीव जातो तसा त्याचा जात नाही. शेकाट्या हा लांब पायांचा पाणपक्षी तर सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशीही थव्याने चरताना दिसतो. पाण्याची खरी साक्ष दगड उलटल्यावर मिळते. कडेचे कल्ले हलविणारी, शेपटीला दोन-तीन धागे असलेली मेफ्लाय या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्ले दगडाच्या तळाला चिकटलेली असतील, तर तेथे प्राणवायूची चणचण सहसा नसते. उलट गाळात केवळ लाल अळ्याच वळवळत असतील, तर शंका घ्यावी, कारण त्यांच्या शरीरातील हिमोग्लोबिनमुळे त्या जवळजवळ प्राणवायूविना असलेल्या चिखलातही तग धरतात.

आपल्या आकड्यांविषयीही थोडे सांगावेसे वाटते. दिवसभर उन्हात शेवाळ व पाणवनस्पती प्राणवायू सोडतात आणि रात्री तोच वापरतात; त्यामुळे सायंकाळचे मोजमाप नदीला जरा झुकते माप देते. महिन्यातून एकदा तरी सूर्योदयापूर्वी, त्याच जागी, पाण्याचे तापमान नोंदवून नमुना घ्यावा. स्नानायोग्य पाण्यासाठी लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मानक आहे. बाटली बुडबुडा न राहू देता पाण्याखालीच बंद करावी. अंधारात मात्र पात्रात उतरू नये. गोदावरीच्या खोऱ्यात मगर आहे आणि काठच्या गवतात घोणस असू शकते. पुलावरून दोरीने बादली सोडून नमुना घेतला, तर बादलीतले पाणी हवेशी घुसळून प्राणवायूचा आकडा बिघडतो, एवढे ध्यानात ठेवावे.

अडकलेले कासव बुडून मरू शकते, म्हणून प्रथम जाळे उचलून त्याचे नाक पाण्याबाहेर येईल असे करावे आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. मदत येईपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर जाळे ओढू नये, कात्रीने कापावे. हात पाठीच्या मागील बाजूसच ठेवावेत, कारण या कासवाची मान लांब असते आणि ते वळून कडकडून चावते. गळ रुतला असेल, तर तो पशुवैद्यालाच काढू द्यावा. जखम नसल्यास तेथेच सोडावे. घरी हौदात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. नोंदवहीत छायाचित्र, वेळ व जागा जरूर लिहावी, मात्र नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण मांसासाठी कासवे पकडणारेही ती माहिती वाचतात.