नियतकालिक धूमकेतू की आवर्ती?

प्रश्न असा आहे : ‘हॅले हा नियतकालिक धूमकेतू आहे’ हे वाक्य बरोबर, की तिथे ‘आवर्ती’ हवं? आणि जुना ‘शेंडेनक्षत्र’ हा शब्द आज चालेल का?

वाक्यात व्याकरणाची चूक नाही. तरी मी ‘आवर्ती’च लिहीन. ‘नियतकालिक’ म्हटलं की आधी मासिक नाहीतर साप्ताहिक आठवतं, पण ती अडचण किरकोळ, संदर्भाने सुटते. खरी खोच ‘नियत’मध्ये आहे. नियत म्हणजे ठरलेला, नेमलेला. हॅले दर ७६ वर्षांनी येतो, असं आपण पाठ केलेलं असतं. प्रत्यक्षात सप्टेंबर १६८२ ते मार्च १७५९ ही फेरी साडेशहात्तर वर्षांची झाली आणि नोव्हेंबर १८३५ ते एप्रिल १९१० ही जेमतेम साडेचौऱ्याहत्तरची. वाटेत गुरू आणि शनी त्याला ओढतात. शिवाय सूर्याजवळ आल्यावर गाभ्यातून वायूचे झोत सुटतात, त्यांच्या रेट्यानेही वेळापत्रक थोडं हलतं. १७५९च्या त्या फेरीला गुरू-शनींमुळे ६१८ दिवस उशीर होईल, असं क्लेरो या फ्रेंच गणितज्ञाने आधीच सांगून ठेवलं होतं. (हिशेब महिनाभरानेच चुकला. हाताने केलेल्या आकडेमोडीला हे भलतंच चांगलं!)

‘आवर्ती’ वेळेची हमी देत नाही. वृत् म्हणजे फिरणं, आवर्तन म्हणजे पुन्हा फिरून येणं. आवर्तसारणीतला ‘आवर्त’ तोच. त्यात भोवऱ्याचाही अर्थ आहे, पण म्हणून कक्षा गोल समजू नये. हॅलेची कक्षा चांगलीच लांबोडकी आहे. पृथ्वी-सूर्य अंतर १ धरलं, तर तो सूर्याच्या ०.५९ इतका जवळ येतो आणि ३५ इतका लांब, म्हणजे नेपच्यूनच्याही पलीकडे जातो.

अर्थात ‘आवर्ती’लाही दगा देणारे आहेतच. साधारण पावणेसात वर्षांनी येणारा बिएला हा धूमकेतू १८४६मध्ये दुभंगला, १८५२मध्ये त्याचे दोन्ही तुकडे दिसले, त्यानंतर तो आलाच नाही.

‘शेंडेनक्षत्र’ ललित लेखनात जरूर वापरा. नक्षत्राशी त्याचा संबंध नाही, पण शेंडा अगदी नेमका पकडलाय. फक्त तो शेंडा कायम मागे असतो असं समजू नका. शेपूट नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असतं, त्यामुळे सूर्यापासून परतताना शेंडा पुढे आणि डोकं मागे, अशी त्याची वाटचाल असते.