वाचक विचारतात : सहा घरची कामं, तरी वजन वाढतंय

प्रश्न : वय २७, उंची १५० सें.मी., वजन ६१ किलो. दुसऱ्या बाळंतपणाला चौदा महिने झाले, बाळ अजून अंगावर पितं. सहा घरची धुणीभांडी करते. डॉक्टर म्हणाले, ‘रोज चाला, सॅलड खा.’ वेळ कुठून आणू? घरात चार माणसं, रेशनचा तांदूळ-गहू, महिन्याला पाच लिटर तेल. पाळणा लांबवायला अंतरा इंजेक्शन घेते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २७ येतो. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण मधुमेह आपल्याला कमी वजनातच गाठतो. तुमच्या उंचीला ही २३ ची रेघ साधारण ५२ किलोवर पडते. लगेच तिच्यामागे लागू नका. सहा महिन्यांत तीन किलो उतरले तरी पुष्कळ.

चालण्याचा सल्ला बैठं काम करणाऱ्यांसाठी ठीक. तुमचे जिने, वाकणं, फरशी पुसणं हा व्यायामच आहे. हिशेब स्वयंपाकघरात पाहा. पाच लिटर तेल म्हणजे माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम. २५ ग्रॅम पुरे. दर सोमवारी पाऊण लिटर तेल वेगळ्या बाटलीत काढा आणि आठवडा त्यावरच भागवा. पिशवीतून थेट कढईत ओतलं की अंदाज हमखास चुकतो.

दुसरं म्हणजे चहा. सहा घरी सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम. दिवसाला २५ च्या आत हवी. चहाला नाही म्हणणं जड जातं हे खरं. ‘साखर अर्धा चमचाच’ एवढं सांगता येतं.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, डाळ नाही. मग ताटात भात-चपातीचा ढीग आणि वरण पातळ, हे ओघानेच आलं. सॅलडपेक्षा कडधान्य परवडतं : माणशी रोज दोन मुठी कोरडी मटकी, चवळी किंवा हरभरा. रात्री भिजत घाला, सकाळी डब्यात उसळ न्या. दुपार उपाशी काढली की चारला वडापाव होतोच. बाळ पितंय तोवर जेवण मात्र तोडू नका.

अंतराने काहींचं वजन वाढतं. इंजेक्शन सुरू झाल्यापासूनच काटा सरकला असेल, तर पुढच्या डोसआधी परिचारिकेला सांगा. तांबीत हार्मोन नसतात. दुसरं साधन ठरेपर्यंत इंजेक्शन चुकवू नका. गरोदरपणी साखर वाढली असेल, तर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी आता नक्की करून घ्या. हिमोग्लोबिनही पाहा, वजन जास्त म्हणजे रक्त भरपूर, असं नसतं.

प्रश्न : सीबॅक फॉर्म (मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका जोखणारा) भरताना कमरेचं माप नेमकं कुठे घ्यायचं? – आशा सेविका, नाशिक जिल्हा

उत्तर : शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा, यांच्या मधोमध. परकराची नाडी सैल करायला सांगा. नाडीवरून टेप फिरवली की माप हमखास चुकतं. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढलेलं नको, टेप आवळलेली नको. बायकांना ८० सें.मी.च्या वर धोक्याचा एक गुण, ९० च्या वर दोन.

हा फॉर्म तिशीनंतरच्यांसाठी आहे, आणि बाळंतपणं बहुतेक त्याआधीच होऊन जातात. त्यामुळे लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन आलेल्या आईचीही कंबर, वजन आणि रक्तदाब घ्या. कंबर ८० च्या वर असेल, तर उपकेंद्रात साखर तपासायला पाठवा.