फी आईकडूनच घे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. होणाऱ्या आयांना बाळाच्या खोलीची खरेदी करून देण्याचा व्यवसाय तू काढायचा म्हणतेस. गरोदर स्त्रिया अशी खरेदी दुसऱ्या कोणाकडून करून घेतील का, असे तू ओळखीच्या साऱ्या जणींना विचारलेस, बहुतेकींनी ‘हो, नक्की’ म्हटले, आणि दिवस ठरवायची वेळ आली तेव्हा एकीनेही फोन उचलला नाही, म्हणून तू गोंधळलीस. यात गोंधळण्यासारखे काय आहे? सातव्या महिन्यात, पाय सुजलेले असताना, मदतीचे नाव काढले तर कोणतीही बाई हो म्हणेल. त्या होकाराला पैशाचे वजन नसते. एकीकडून का होईना, फी घे. आणि ती होणाऱ्या आईकडूनच घे.

दुकानांच्या कमिशनवर सेवा मोफत देण्याचा तुझा बेत वाचून मात्र मी चिडले, कारण तो एकेकाळी माझाच होता. एका पहिलटकरणीला मी पाळण्याच्या कडांना बांधायचे मऊ बंपर, उशी, रजई असा सारा थाट घ्यायला लावला; कमिशन त्यावरच जास्त सुटे. अशा मऊपणात नाक रुतले तर तान्ह्या बाळाचा श्वास कोंडू शकतो, हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्यात माझा फायदाही नव्हता. (अमेरिकेने तर गादीदार बंपरची विक्री २०२२ मध्ये कायद्यानेच बंद केली.) तेव्हा सगळेच ते विकत होते, मलाही घर चालवायचे होते, तरीही ते बिल अजून डोळ्यांपुढे येते.

आईच्या यादीत खोडण्यासारखेच जास्त असते. निदान पहिले ६ महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र पाळण्यात झोपावे, असा अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे तू सजवायला निघालेली खोली रात्री रिकामीच राहणार. गादी घट्ट व सपाट हवी, तिच्या आणि कडेच्या मधल्या फटीत दोन बोटांहून जास्त जाता कामा नये, आणि नवजात मापाचे कपडे तर काही आठवड्यांतच अपुरे पडतात. हे तोंडावर सांगणारे माणूस तिला हवे असते, आणि कमिशनवर जगणाऱ्याला ते सांगणे परवडत नाही. म्हणून पुन्हा सांगते, फी आईकडूनच घे.

एकदा एक जण इवलासा मोजा हातात धरून बराच वेळ उभी राहिली आणि तिने तो घडी करून परत ठेवला. मी घाईने तिला पाळण्यांकडे वळवले. आधीचे बाळ गेल्याचे तिने बाहेर आल्यावर सांगितले. ३७ आठवडे पुरे होईपर्यंत तिला घरात काहीच आणायचे नव्हते. यादी तयार ठेवून, तिचा निरोप आल्यावरच सामान मागवणारे कोणी तिला हवे होते. त्याचे पैसे तिने आनंदाने दिले असते. मी मागितलेच नाहीत, कारण माझे पैसे पाळण्यात होते.

फोन न उचलणाऱ्यांपैकी एकीला या आठवड्यात फीचा आकडा लिहून पाठव. ती नाही म्हणाली, तर कारण तिच्याच शब्दांत मला कळव.

तुझी,
मावशी