अमेरिकेत जुन्या सामानात बेसबॉल कार्डांची न फोडलेली पाकिटं सापडलीत, किंमत कशी ठरवू?

उत्तर: सर्वात आधी साल बघा, अर्धा निकाल तिथेच लागतो. साधारण 1986 ते 1993 या काळात कार्डं इतकी बेसुमार छापली गेली की संग्राहक त्या काळाला ‘जंक वॅक्स’ (म्हणजे भंगार मेणकागदी पाकिटं) म्हणतात. सीलबंद असली तरी त्यातली बहुतेक पाकिटं स्वस्तातच जातात. 1980 च्या टॉप्स कंपनीच्या पाकिटाची गोष्ट निराळी, त्यात नामवंत खेळाडू रिकी हेंडरसनचं रूकी कार्ड (खेळाडूचं सुरुवातीच्या काळातलं पहिलं कार्ड) निघू शकतं. दुसरं म्हणजे पाकीट खरंच न फोडलेलं आहे का? मेणकागदाची पाकिटं उष्णतेने चिकटवलेली असत, त्यामुळे उघडून, भारी कार्डं काढून पुन्हा चिकटवणं फार अवघड नाही. घडीवर मेणाचे दुहेरी डाग किंवा जादा सुरकुत्या दिसल्या तर शंका घ्याच. पारदर्शक सेलो पाकिटात वरचं कार्ड दिसतं. तिथे नामवंत खेळाडू असला तर भाव चढतो (आणि बनवेगिरीही). भावासाठी ईबेवर झालेली विक्री पाहा, मागितलेली किंमत नव्हे. माल महागडा वाटला तर पीएसए या कार्डं-पाकिटं पारखणाऱ्या कंपनीकडून तपासून घ्या. मात्र साल पाहून सरसकट टाकून देऊ नका: 1989 च्या अपर डेक कंपनीच्या पाकिटांना केन ग्रिफी ज्युनिअरच्या रूकी कार्डामुळे आजही मागणी आहे.