बाळ सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला?

"डिलिव्हरी होऊन चार महिने झाले. बाळ छान आहे, टाके भरलेत, घरचे जपतात. तरी त्या रात्रीचा विषय निघाला की हातपाय गार पडतात. ज्यांनी माझ्या बाळाला वाचवलं त्यांच्यावरच मला राग आहे. मी कृतघ्न आहे का?"

मी समुपदेशक आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात. इथे जिची गोष्ट सांगतेय तिनं तो तिसऱ्या भेटीत विचारला. तिच्या परवानगीनं लिहितेय, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला मुक्ता म्हणू.

मुक्ताला सासूबाई घेऊन आल्या होत्या. तक्रार वेगळीच होती. "बाळाच्या लसीला दवाखान्यात जात नाही. साडेतीन महिन्यांची लस राहिली. गेटपर्यंत गेली आणि परत फिरली." मुक्ता मान खाली घालून बाळाचं टोपडं सारखं करत होती. बाळंतपण कसं झालं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सगळं नीट झालं." हे म्हणताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटावर फिरत होता. तिथे जेमतेम बोटाच्या पेराएवढा एक पांढरट व्रण होता. मी त्याबद्दल तेव्हा विचारलं नाही.

पहिल्या दिवशी एडिनबर्ग प्रश्नावली भरून घेतली. १९८७ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची सोपी प्रश्नावली गेल्या सात दिवसांतल्या मनःस्थितीविषयी विचारते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तो मी कागदावर सोडत नाही, समोर बसून तोंडी विचारते. तसा विचार तिच्या मनात नव्हता. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येतं, ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. हे तेही नव्हतं, आणि नैराश्य म्हणावं तर बाळाशी खेळताना ती मनापासून हसत होती. पण रात्री ती दचकून उठायची, फिनेलच्या वासानं तिला मळमळायचं, आणि सिझरचा विषय निघाला की खोलीतून उठून जायची. अपघातातून वाचलेल्या माणसांमध्ये जे दिसतं, ते मला तिच्यात दिसत होतं. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. गोळ्यांची गरज नाही, बोलणं चालू ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या भेटीत सासूबाईंना बाहेर बसायची विनंती केली. मुक्ताला म्हटलं, घड्याळाप्रमाणे सांग. किती वाजता ॲडमिट झालीस, मग काय झालं, मग काय.

सकाळी नऊला ॲडमिट. दुपारी कळा वाढवायची सलाईन. नवऱ्याला बाहेर थांबवलेलं, आईलाही. ओरडली की कुणीतरी म्हणायचं, "तुला एकटीलाच होतंय का?" रात्री अकराच्या सुमारास एकदम पळापळ. "ठोके पडतायत," एवढं तिला ऐकू आलं. कुणाचे, तिचे की बाळाचे, ते कळलं नाही. स्ट्रेचर, पांढरे दिवे. आणि मग बांगड्या.

डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा तिच्या हातात होता. शेवटच्या महिन्यात हात सुजलेले, त्यामुळे बांगड्या निघेनात. "निघत नाहीत तर फोडून टाक," कुणीतरी म्हणालं. आणि फोडल्या. एक काच मनगटाला लागली.

आपल्याकडे बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, ती 'वाढते'. मंगळसूत्रही वाढवतात. 'फोडणं' हा शब्द बाईच्या आयुष्यात एकाच प्रसंगाला येतो. मुक्ता शिकलेली आहे, नोकरी करते, या गोष्टी मानते असंही नाही. पण टेबलावर आडवी पडलेली असताना तिच्या कानांवर तो शब्द आला आणि तिला वाटलं, बाहेर नवऱ्याला काहीतरी झालंय. पुढच्या क्षणी वाटलं, नाही, मीच चाललेय. त्यानंतरचं तिला आठवत नव्हतं. आठवलं ते एकदम काचेच्या पेटीतलं बाळ, दुसऱ्या दिवशी, लांबून.

हे सांगून झाल्यावर ती बराच वेळ रडली. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि गप्प बसले.

हे तिनं आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला गेली की पहिलं वाक्य यायचं, "बाळ सुखरूप आहे ना? झालं तर मग." हे वाक्य लोक मायेनं म्हणतात, मला ठाऊक आहे. पण बाळंतिणीचं तोंड बंद करायला याच्याइतकं हमखास दुसरं काही नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असं आपणच म्हणतो ना? मग मरणाच्या दारात काय दिसलं, हे तिला विचारायला नको?

तिसऱ्या भेटीत तो कृतघ्नपणाचा प्रश्न आला, आणि त्यामागे दडलेला दुसराही. "मी नीट जोर लावला नाही म्हणून सिझर करावं लागलं. मी ओरडत बसले." चार महिने ती स्वतःला दोषी धरत होती.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कागदांत होतं. रुग्णाला स्वतःचे केसपेपर मागायचा हक्क आहे आणि मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. नवरा जाऊन घेऊन आला. माझ्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ते मुक्तासमोर एकेक ओळ करत वाचले. बाळानं आत शी केली होती, ठोके खाली येत होते. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावे लागतात, ते त्याच्या खाली गेले होते. निर्णय झाल्यापासून बाविसाव्या मिनिटाला बाळ बाहेर. "आणि जोर लावायचं म्हणशील," बाई म्हणाल्या, "तर पिशवीचं तोंड सातच सेंटीमीटर उघडलं होतं. दहा झाल्याशिवाय आम्हीच जोर लावू देत नाही. तू काय चुकणार होतीस?"

मुक्तानं तो कागद हातात घेऊन सातच्या आकड्यावर बोट ठेवलं. कितीतरी वेळ ते तिथून हललं नाही.

त्याच दिवशी नवराही पहिल्यांदा बोलला. सही करताना त्याचा हात इतका कापत होता की पेन दोनदा पडलं. रुमालात बांधलेलं तिचं मंगळसूत्र मुठीत धरून तो जिन्यात बसला होता. चार महिने दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. घाई खरी होती. बाळ वाचलं ते त्या घाईमुळेच, आणि त्या डॉक्टरांबद्दल तुम्हाला कृतज्ञता वाटते तीही खरी. पण "तुला एकटीलाच होतंय का" असं म्हटल्यानं एक मिनिटही वाचत नाही. "बाळाचे ठोके कमी झालेत, आपण लगेच सिझर करतोय, बांगड्या कापाव्या लागतील," हे सांगायला फार तर दहा सेकंद लागले असते. त्या दहा सेकंदांवर तुमचा हक्क होता आणि राग ते न मिळाल्याचाच आहे. बाळंतिणीला सन्मानानं वागवावं, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. आपल्या केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी बाईबरोबर तिचं एक माणूस ठेवायला परवानगी दिली. महाराष्ट्रात आता शंभरातल्या जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि चारातलं एक सिझर असतं. म्हणजे मुक्ताच्या जागी कुणीही असू शकते.

सगळ्यांनाच समुपदेशकाकडे यावं लागतं असं नाही. पुष्कळ जणींना ऐकणारं एक माणूस पुरतं, मधे न बोलणारं. पण महिना उलटला तरी झोपेत तेच दिसत असेल, दवाखान्याची वाट टाळली जात असेल, तर थांबू नका. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार डोकावला तर त्याच दिवशी घरात सांगा, डॉक्टरांकडे जा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मुक्तानं त्या दवाखान्याला एक पानी पत्र लिहिलं. शिवी नाही, आरोप नाही, जे झालं ते आणि काय व्हायला हवं होतं ते. उत्तर अजून आलेलं नाही. राहिलेली लस नवरा देऊन आला. दवाखान्याचं आम्ही हळूहळू घेतलं. आधी रस्त्याच्या पलीकडून गेट बघायचं, मग आवारात दहा मिनिटं, मग ओपीडीतल्या बाकावर.

नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला ती स्वतः गेली. सासूबाई बरोबर होत्या. संध्याकाळी तिचा फोन आला. "फिनेलचा वास आला, मॅडम. पोटात ढवळलं. सासूबाईंनी विचारलं, परत जाऊया का? म्हटलं नको, फक्त माझा हात धरा." सुई टोचल्यावर बाळ खूप रडलं म्हणे. ती त्याला म्हणत होती, "दुखलं ना रे. खूप दुखलं."