प्रकाशाची ‘प्रकृती’ की ‘स्वरूप’?

प्रश्न : मी इंदूरला बारावीत आहे. हिंदी पुस्तकात ‘विकिरण तथा द्रव्य की द्वैत प्रकृति’ असा धडा आहे. घरी ‘प्रकाशाची द्वैत प्रकृती’ म्हटलं तर आजीला खटकलं. मराठीत काय म्हणावं?

उत्तर : आजींना खटकलं ते योग्यच. मराठीत प्रकृती म्हटलं की आधी तब्येत आठवते. ‘प्रकृतीला जपा’ असं आपण पत्राच्या शेवटी लिहितो. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ यात स्वभावाचा अर्थ आहे, पण तो माणसांचा. प्रकाशासाठी ‘स्वरूप’ हाच शब्द हवा. हिंदीत प्रकृति म्हणजे झाडं-डोंगरसुद्धा. त्याला आपण निसर्ग म्हणतो. इंदुरात दोन्ही भाषा दिवसभर कानांवर असतात, त्यामुळे अशी सरमिसळ होतेच.

मला जास्त खटकतो तो ‘द्वैत’. द्वैत म्हणजे दोनपण, वेगळेपण. ‘आमच्यात द्वैत नाही’ असं आपण म्हणतो. तरंग एक आणि कण दुसरा, अशा दोन वस्तू असत्या तर तो शब्द शोभला असता. प्रयोग मात्र वेगळं सांगतात. भौतिकशास्त्रज्ञ थॉमस यंगने 1801 साली व्यतिकरणाचं (दोन तरंग एकमेकांत मिसळून कुठे वाढतात, कुठे मावळतात) तत्त्व मांडलं तेव्हापासून प्रकाश तरंग ठरत गेला. 1905 मध्ये आइनस्टाइनने प्रकाशविद्युत परिणामासाठी (प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, तो) प्रकाशात ऊर्जेचे पुंज, म्हणजे सुटे गठ्ठे, मानले आणि 1923 मध्ये कॉम्प्टनच्या क्ष-किरणांवरच्या प्रयोगांनी या कल्पनेला बळ दिलं.

मला सर्वांत बोलका वाटतो तो 1986 चा, ग्रांजिए, रॉजेर आणि आस्पे यांचा फ्रान्समधला प्रयोग. कॅल्शियमचा अणू लागोपाठ दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे असे दोन पुंज, सोडतो. पहिला टिपला की दुसरा निघाल्याची वर्दी मिळते. हा दुसरा अर्धपारदर्शक आरशावर सोडला. पलीकडच्या दोन वाटांवर दोन शोधक, म्हणजे फोटॉन टिपणारी उपकरणं, होती. दोन्ही एकदम वाजणं फारच क्वचित घडलं : फोटॉन या वाटेला तरी, नाहीतर त्या वाटेला. हा झाला कण. मग शोधक काढून दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या, तर त्याच एकेकट्या फोटॉनांच्या मोजणीत व्यतिकरणाचे चढउतार दिसले. प्रकाश तोच, आरसा तोच. बदलली फक्त मांडणी.

म्हणून मी ‘दुहेरी स्वरूप’ म्हणतो. यातला ‘दुहेरी’ सुईत ओवलेल्या दुहेरी दोऱ्यातला घेऊ नका, तिथे दोन्ही पदर एकदम दिसतात. नाटकातल्या दुहेरी भूमिकेतला घ्या : नट एकच, प्रवेशाप्रमाणे पात्र वेगळं. ‘कण-तरंग द्वैत’ ही संज्ञा रुळलेली आहे, परीक्षेत ती खुशाल लिहा.

आणि क्रियापदाकडेही लक्ष असू द्या. ‘प्रकाश तरंग आहे’ यापेक्षा ‘इथे प्रकाश तरंगासारखा वागतो’ हे वाक्य प्रयोगाशी जास्त प्रामाणिक आहे. आपल्याच इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-2 या क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर क्ष-किरणांचं स्फटिकातून विवर्तन होतं, म्हणजे ते ठरावीक दिशांना पसरतात, तिथे ‘तरंगासारखे’ म्हणा. तेच किरण पदार्थातून इलेक्ट्रॉन उडवतात तिथे ‘कणांसारखे’.